कादंबरीतली म्हातारी

वाचनमंडळाचा एक विचित्र नियम होता. पुस्तक आवडलं की नाही, हे तिथे कुणी बोलायचंच नाही. पुस्तक मिटल्यावर तुम्ही काय केलंत, तेवढं सांगायचं. नियम अध्यक्षांनी घातला होता, कारण त्याआधी आवडलं-नावडलं यावरून दोन सभासदांत अशी जुंपली होती की एकाने दुसऱ्याचा चहा खिडकीतून ओतून दिला होता. अध्यक्षांना तसं कुणी निवडलं नव्हतं. वाचनालयाच्या वरच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे असायची, म्हणून ते अध्यक्ष.

या महिन्याची कादंबरी बहुतेकांना जड गेली होती. जग बुडालेलं. बी पेरलं तरी उगवत नाही, माणसं घरंदारं टाकून निघून गेलेली, आणि पाण्याच्या टाकीची राखण करणारं एक म्हातारं जोडपं तेवढं मागे राहिलेलं. निम्म्यावर म्हातारी तापाने जाते. उरलेल्या निम्म्यात म्हातारा एकटाच, प्यायला कुणी नसताना रोज टाकी भरत राहतो. बस, संपली कादंबरी.

सासऱ्यांचा हात धरून त्या खोलीचा जिना चढताना सुनेला मागे फिरावंसं वाटत होतं. सासऱ्यांना माहीत असलेली कादंबरी ही नव्हतीच मुळी.

सासूबाई जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या वर्षात सासऱ्यांची नजर इतकी अधू झाली की त्यांना अक्षर दिसेना, आणि घराबाहेर पडणंही त्यांनी बंद केलं. नवरा फिरतीच्या नोकरीवर, त्यामुळे घरात ही दोघंच. सून कपडे अल्टर करायच्या दुकानात होती. बाह्या आखूड करणं, कंबर सैल करणं यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सासरे मंडळाचे जुने सभासद, म्हणून मंडळाचं पुस्तक दर महिन्याला घरी यायचंच; संध्याकाळी घरी आली की ती सासऱ्यांना ते वाचून दाखवायची. तेवढ्या वेळासाठी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट चढवून बसत. दिवसभरात त्यांनी स्वतःहून केलेली गोष्ट काय ती एवढीच.

म्हातारीला ताप चढतो ते पान आलं तेव्हा सुनेने वर पाहिलं. सासऱ्यांनी खुर्चीचा हात घट्ट आवळला होता. मग काय, तिच्यातली शिंपीण जागी झाली. अंगाला बसत नाही ना, उसवा आणि नीट करा. तिने म्हातारीचा ताप उतरवून टाकला! एकदा उतरवला म्हटल्यावर तिला पुढे जगवत नेणं आलंच. उरलेली निम्मी कादंबरी तिने दुपारी काजं करता करता मनात रचली आणि संध्याकाळी पानं उलटत म्हणून दाखवली. तिच्या कादंबरीत म्हातारीला टाकीच्या ओल्या भिंतीपाशी हिरवं पातं सापडलं. ते पातं सुचलं त्या दिवशी ती स्वतःवर भलतीच खूश होती.

आणि मग सासरे म्हणाले, "या वेळी मंडळात जाऊन येऊ." इतक्या दिवसांनी माणूस उंबऱ्याबाहेर पडतोय, त्याला नको कुठल्या तोंडाने म्हणायचं?

बैठक सुरू झाली. पहिल्या बोलल्या नर्सबाई. त्या निवृत्त झाल्या होत्या, पण दरारा शाबूत होता. "मी पुस्तक मिटलं आणि घरात दिसेल ते भांडं पाण्याने भरलं. बादल्या, पातेली, फुलदाणीसुद्धा. नवरा म्हणाला, डोकं फिरलंय तुझं."

"मी पोटभर जेवलो आणि ताणून दिली," गणिताचे मास्तर म्हणाले. "एवढं सगळं बुडालं, आणि माझ्या नळाला पाणी येतंय! मला तर हुरूपच आला."

"हुरूप?" औषधाच्या दुकानदाराने आ वासला. "मास्तर, तुम्ही माणूस आहात की कोण? मी ते पुस्तक चपलांच्या कपाटात कोंडून ठेवलं. घरात उघड्यावर नको म्हटलं ते."

पुन्हा चहा ओतायची वेळ येते की काय, या भीतीने अध्यक्षांनी घाईघाईने सासऱ्यांकडे मोर्चा वळवला. "तुम्ही काय केलंत?"

'यांना बरं नाही, आम्ही निघतो,' हे सुनेच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात सासरे बोलले.

"घरात कुणी नव्हतं. मी बायकोच्या फोटोशी भांडलो. मोठमोठ्याने. म्हटलं, त्या म्हाताऱ्याकडे डॉक्टर नाही, गोळी नाही, जग बुडालंय, तरी त्याची बायको तापातून उठते. तुला इथे सगळं होतं. तू का नाही उठलीस?"

 सुनेला वाटलं होतं, आपण त्यांना सांभाळतोय. आणि आपल्याच थापेने हा माणूस रिकाम्या घरात ओरडत बसला होता. तिला स्वतःची लाज वाटली.

"उठते?" नर्सबाई म्हणाल्या. "अहो, ती तर मधेच जाते की!"

अध्यक्ष उगाच खोकले. सासऱ्यांनी मान सुनेच्या दिशेने वळवली आणि तशीच ठेवली.

 घरी येऊन ते खुर्चीत बसले तेव्हा सून समोर उभीच होती. "बाबा, चुकलं माझं. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून मी..."

"पुस्तकाचं सोड. मी औषध आणायला गेलो होतो, तेव्हा तिच्यापाशी तू एकटी होतीस. परत आलो तर म्हणालीस, आई झोपेतच गेल्या, त्यांना काही कळलंसुद्धा नाही. तेही असंच का?"

अजून एक थाप मारणं सोपं होतं. पण ती मारली तर यापुढे हा माणूस आपल्या तोंडचा एक शब्दही खरा मानणार नाही, हे तिला कळून चुकलं.

"झोपेत नाही गेल्या," ती म्हणाली. "जाग्या होत्या. 'हे आले का?' एवढंच सारखं विचारत होत्या."

"तू काय सांगितलंस?"

"जिन्यात आहेत म्हटलं. पावलं वाजतायत बघा, म्हटलं."

"तेव्हा तर मी दुकानातच उभा असेन."

"हो."

सासऱ्यांना रडू फुटलं. सून त्यांच्या पायाशी बसली आणि इतके महिने न रडलेलं रडली. सासूबाई तिच्याही कुणीतरी होत्या, हे त्या घरात कुणी बोललं नव्हतं, तीसुद्धा नाही.

"तिला सांगितलंस ते बरं केलंस," थोड्या वेळाने ते म्हणाले. "ती निघाली होती, पोरी. मला अजून इथे राहायचंय. मला खरं काय ते सांगत जा."

"सांगेन."

"म्हणजे वाट बघत होती माझी." हे त्यांनी दोनदा म्हटलं. मग शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. "अजून काय म्हणाली?"

"बाहेर पाऊस होता ना. तुम्ही छत्री नेलीत का, विचारलं."

"नव्हती नेली," सासरे म्हणाले.