प्रकाशा गावचे नऊ रुग्ण

तीन वर्षांत प्रकाशा गावातून मेंदूच्या गाठीचे नऊ रुग्ण नोंदले गेले. त्याच तीन वर्षांत तोरणमाळच्या पठारावरून आणि भोवतालच्या पाड्यांतून एकही नोंदला गेला नाही.

ही आकडेवारी आमच्याच संस्थेची होती. मेंदूच्या गाठींवर संशोधन व्हावे आणि त्याची सुरुवात आपल्या जिल्ह्यातून व्हावी, या एका मागणीसाठी मंगलाबाई दोन वर्षे जिल्हा परिषदेत खेटे घालत होत्या. त्यांचा मुलगा नवनीत एकविसाव्या वर्षी याच आजाराने गेला. संस्था त्यांनी काढली; पहिली नोंद त्याचीच. मी शहाद्याच्या महाविद्यालयातून संख्याशास्त्राचा प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेला. आकडे सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले.

अखेर आरोग्य समितीने विषय घेतला. ठरावाच्या मसुद्यात दोन कलमे होती : प्रकाशा येथे कारणांचा अभ्यास व्हावा, आणि मेंदूविकारतज्ज्ञांची दरमहाची तपासणीही तिथेच ठेवावी. तपासणीसाठी आधी तोरणमाळचे नाव होते. 'रुग्ण शून्य' असा शेरा मारून ते खोडले होते. बैठक गुरुवारी होती.

नऊ हा आकडा मला अस्वस्थ करत होता. एवढ्या लोकसंख्येत तीन वर्षांत एखादा रुग्ण अपेक्षित धरता येतो. योगायोग नऊपर्यंत ताणता येत नाही. म्हणून मी कारण शोधू लागलो. विहिरींचे पाणी, तापीचे पाणी, कापसावरच्या फवारण्या, केळीच्या बागांतली माती, सारे नमुने दोनदा तपासून घेतले. काहीही सापडले नाही. दरम्यान बातमी गावाबाहेर गेली आणि चुडामण पाटलांच्या मुलीची, रुपाची, ठरलेली सोयरीक मोडली. वरपक्षाने पाण्याचे कारण दिले. एसटीच्या थांब्यावर चुडामण मला म्हणाले, "सर, तुम्हना नऊमा मन्ही आंडेर बी धरी ल्या. दहा व्हतीन." बोलणे विनोदाचे होते. ते हसले नाहीत.

सोमवारी मी स्कॅनसाठी भरलेले मूळ अर्ज मागवले. माझ्या तक्त्यात गोपनीयतेसाठी नावे नव्हती. फक्त वय आणि गाव. अर्जांवर नावे होती. नवनीत वगळता आठही आडनावे डोंगरातली होती. नऊही अर्जांवर मोबाईल क्रमांक एकच होता, आणि तो माझ्या फोनमध्ये मंगलाबाईंच्या नावाने साठवलेला होता.

दुपारी प्रकाशाला त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर गाठोडे घेऊन दिलवरसिंग पावरा बसला होता. शेजारी त्याची बायको दिवलीबाई, भिंतीला डोके टेकून, डोळे मिटून. तोरणमाळच्या पलीकडच्या पाड्यावरून दोघे आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नंदुरबारच्या केंद्रात तिचा स्कॅन होता. मंगलाबाई तिचा अर्ज भरत होत्या.

"पत्ता काय लिहिलात?" मी विचारले.

"मन्हा," मान वर न करता त्या म्हणाल्या. "डोंगरमा रेंज नही, सर. केंद्रवाला फोन करस, लागत नही, तारीख निंघी जास. दिलवरभाऊले इचारा."

"पहिली तारीख अशीच गेली," दिलवरसिंग म्हणाला. "कळलं तवर दोन बाजार भरून गेले होते. आता बाईंना फोन येतो. बाई जीपवाल्याला सांगतात, तो वर येऊन सांगतो."

"बाकीच्यांचंही असंच?"

"आठीस्नं," मंगलाबाई म्हणाल्या. "घाट उतरीसन येतस, आठे मन्हा घर जेवतस, आठेच झोपतस. यात्राना लोके बी मन्हाच घर उतरतस. मंग पत्ता दुसरा कोना लिखाना?"

मी तक्ता त्यांच्यापुढे ठेवला आणि तोरणमाळच्या ओळीवर बोट टेकवले. त्यांनी ती ओळ वाचली. मग पेनाचे टोपण लावले.

"हाऊ शून्य आपला?"

"आपलाच."

"त्यामुये नाव खोडं?"

"हो."

काय झाले ते दिलवरसिंगने विचारले. मी त्याला सांगितले.

"म्हणजे डॉक्टर वर येणार होते?"

"येणार होते."

तो बायकोकडे पाहत राहिला. "आज घाटात तिला दोनदा उलटी झाली," तो म्हणाला.

मी पाणी तपासले होते, माती तपासली होती. अर्ज तीन वर्षे संस्थेच्या कपाटात होते.

मंगलाबाईंनी विचारले, "मंग प्रकाशामा कितला उरनात?"

"एक. नवनीत."

"एकनाकरता कोनी अभ्यास करत नही."

"नाही."

त्यांनी दिवलीबाईच्या अर्जावरचा पत्ता खोडला, दिलवरसिंगला पाड्याचे नाव विचारले आणि ते लिहिले. फोनचा क्रमांक स्वतःचाच ठेवला. मग कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "लिखा. मन्हं नाव बी लिखा."

समितीला दिलेले पत्र असे :

'प्रकाशा येथील नऊ रुग्णांपैकी आठ तोरणमाळ परिसरातील पाड्यांवरचे आहेत. तपासणीपूर्वी ते आमच्या अध्यक्ष मंगलाबाई यांच्या घरी मुक्कामाला होते. फोन पोहोचावा म्हणून मंगलाबाईंनी अर्जांवर स्वतःचा पत्ता व क्रमांक लिहिला. पत्ते पडताळण्याची जबाबदारी माझी होती. मी ते पडताळले नाहीत. गावच्या पाण्यात दोष आढळलेला नाही. तोरणमाळपुढील शून्य चुकीचे आहे. तिथे आठ लिहावे.'