अर्धी दाढी

त्याला सगळी गल्ली रेडिओ म्हणायची आणि तो राग मानत नसे. दुकान उघडलं की हा सुरू. शटर ओढलं तरी आतून आवाज यायचाच. केस कापायला गेलेला माणूस डोकं हलकं आणि कान जड करून बाहेर पडतो, असं लोक म्हणत. पण हाताला कसब होतं, म्हणून गिऱ्हाइकं कानांचा भार सोसत.

गेले काही आठवडे या रेडिओवर एकच कार्यक्रम लागत होता: सिस्टर. रेडिओच्या बायकोला रक्ताचा आजार झाला होता आणि जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून तिला हॉस्पिटलात काचेच्या खोलीत ठेवलं होतं. उपचारांची पहिली फेरी संपवून ती घरी आली होती, दुसरी पुढच्या आठवड्यात होती. ती जिवंत घरी आली ती त्या खोलीतल्या सिस्टरमुळे, अशी रेडिओची पक्की खात्री. आलेल्या प्रत्येकाला तो ते सांगे. दाढीला आलेल्यांना दोनदा.

दुकानाच्या मागे पडदा आणि पडद्यामागे घर. तिथे बायको पडून असे आणि त्याची थोरली बहीण, आक्का, स्वयंपाकघर आणि भाऊ असे दोन्ही ताब्यात ठेवत असे.

"त्या पोरीचं कौतुक कर बाबा, पण तपशील सांगत बसू नकोस," ती बजावायची. "जिभेला हाड नसतं हे खरं, पण तुझ्या जिभेला दावंही नाही."

"आक्का, तिनं आपलं घर उभं ठेवलं. ते बोलायचं नाही तर काय हवापाण्याचं बोलायचं?"

त्या दुपारी खुर्चीत नवीन गिऱ्हाईक बसलं. पन्नाशीचा, इस्त्रीच्या कपड्यातला, फारसं न बोलणारा माणूस. न बोलणारा माणूस म्हणजे रेडिओला पर्वणी. त्याने गरम टॉवेल लावला, ब्रशने फेस फिरवला. साहेबांचे फक्त डोळे दिसायला लागले, तोवर गोष्ट मध्यावर आली होती.

"केस मुठी-मुठीनं गळायला लागले हो तिचे. उशीवर केस, तोंडात केस. हिनं चादर डोक्यावर ओढून घेतली ती काढेचना. जेवण नाही, गोळ्या नाहीत. तिथला माणूस केस काढायचं मशीन घेऊन आला तर त्याचा हात झिडकारला. कारण काय, तर लग्न झाल्यापासून तिच्या केसांना माझ्याशिवाय कुणाची कात्री लागलेली नाही. सिस्टरनं विचार केला असेल, आता नियम बघू की बाई बघू?"

"मग?" फेसातून आवाज आला.

"मग काय, घेतलं मला आत. हात कोपरापर्यंत घासायला लावले, डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलं. वस्तरा आणू दिला नाही, जरा खरचटलं तर रक्त थांबणार नाही म्हणाली. मशीन तिथलं, तिनंच स्पिरिटनं पुसून दिलेलं. मी काढले केस. बायको पहिल्यांदा रडली, मग हसली, मग पेज मागितली. तोवर सिस्टर दाराशी पाठ लावून उभी, स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत."

"मागच्या दारानं गेलात ना? कपडे बदलायच्या खोलीतून?"

"हो, तिथूनच," रेडिओ म्हणाला, आणि त्याचा वस्तरा गालावर जागच्या जागी थांबला.

मागच्या दाराबद्दल तो एक अक्षर बोलला नव्हता. त्या हॉस्पिटलात काम करणाऱ्याखेरीज ते दार कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"चालू द्या," साहेब म्हणाले. "मी तिथल्या व्यवस्थापनात आहे. काचेच्या खोलीच्या कचऱ्यात केस सापडले. सिस्टरनं कबूल केलं की बाहेरच्या माणसाला आत घेतलं. कुणाला, ते सांगत नाही. चूक माझी, शिक्षा मला द्या, नाव विचारू नका, एवढंच म्हणते. त्या वेळी आत असलेल्यांपैकी एकीच्या नवऱ्याचं हे दुकान आहे, म्हणून आलो. पण अंदाजावर मी कुणाला बोलावत नाही."

सिस्टर नाव का सांगत नव्हती, ते रेडिओला लगेच कळलं. काचेच्या खोलीच्या दारावर पाटीच होती: नातेवाईक आत शिरला, तर रुग्णाची खाट रद्द. खाट गेली की दुसरी फेरी गेली. दुसरी फेरी गेली की पुढचं त्याला मनातसुद्धा म्हणवेना. सिस्टर तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होती, ती त्याच्या बायकोसाठी. आणि हा शहाणा इथे बसून उचलली जीभ लावत होता टाळ्याला.

"उद्या चौकशी आहे," साहेब म्हणाले. "ती एकटी उभी राहिली तर नोकरी जाणार. तो माणूस समोर आला आणि का, कशी काळजी घेऊन हे झालं ते त्यानं सांगितलं, तर निदान ऐकून तरी घेतील. खाटेचं मात्र मी काही सांगू शकत नाही. ते माझ्या हातात नाही."

रेडिओ हसला. स्वतःच्याच कानाला ते हसू भाड्यानं आणल्यासारखं वाटलं.

"अहो साहेब, आमच्या धंद्यातल्या गप्पा या. रंगवून सांगितल्याशिवाय गिऱ्हाईक बसत नाही. कसलं मशीन आणि कसलं दार? मी काचेबाहेर उभा होतो सगळा वेळ."

"मग हे सगळं खोटं?"

"खोटं."

"बरं," साहेब म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

रेडिओने पुन्हा वस्तरा लावला. डावा गाल झाला, उजवीकडे वळला. बायकोला खाट हवी, हे खरं. देवासारखी धावून आलेल्या पोरीला आपण आत्ता उघड्यावर सोडलं, हेही खरं. खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्यांना तो आयुष्यभर नावं ठेवत आला होता. वस्तरा जरा तिरका पडला. पांढऱ्या फेसात लाल ठिपका उमटला. या दुकानात गिऱ्हाइकाला कापलं, असं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

"माफ करा," तो पुटपुटला आणि तुरटी शोधू लागला. समोर ठेवलेली तुरटी त्याला दिसेना.

पडदा सरकला. आधी आक्काचा आवाज आला, "अगं, पडून राहा," आणि मग बायको बाहेर आली. घराबाहेर ती डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय येत नसे. आता रुमाल नव्हता. डोक्यावर नुकती लव फुटली होती, आणि ती भिंतीला धरून उभी होती. तिने तुरटी उचलून नवऱ्याच्या हातात दिली.

"अहो," ती म्हणाली, "साहेबांना चहा ठेवू का?"

एवढंच. ना रागावली, ना डोळ्यांनी काही सुचवलं. आरशात साहेबांचं अर्धं दाढी झालेलं तोंड होतं आणि त्यावर तिचं डोकं, जे त्यानं स्वतःच्या हातानं साफ केलं होतं. ते डोकं समोर ठेवून "खोटं" म्हणणं आता त्याला जमेना.

"मीच होतो," रेडिओ म्हणाला. "उद्या येतो. जे विचाराल ते सांगतो. फक्त त्या पाटीवरचा नियम हिला लावू नका. आत मी गेलो. ही तर चादरीखाली होती."

साहेबांनी त्याच्या हातातली तुरटी घेऊन जखमेवर दाबून धरली. "आधी दुसरा गाल करा," ते म्हणाले. "असा कसा जाऊ?"

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या खोलीत सिस्टरनं त्याला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. खोलीबाहेर आल्यावर तिने त्याला गाठलंच.

"काका, तुम्हाला गप्प बसता येत नाही का हो? मी सांभाळलं असतं. काकूंची खाट गेली म्हणजे?"

"तुमची नोकरी गेली असती म्हणजे?"

"मला दुसरी मिळाली असती."

रेडिओ मान खाली घालून उभा राहिला. बोलका माणूस गप्प झाला की फार बापुडवाणा दिसतो.

निकाल लागला तो ना धड गोड, ना धड कडू. आजारी माणसानं नियम मोडला नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी म्हटलं आणि खाट राहिली. रेडिओला त्या मजल्यावर पाय ठेवायला बंदी झाली. सिस्टरची नोकरी वाचली, पण तिला काचेच्या खोलीतून काढून तळमजल्यावर मलमपट्टीला बसवलं. तिथे सकाळपासून रांग लागे आणि खुर्चीला पाठ टेकायची सोय नसे.

दुसरी फेरी पहिलीहून कठीण गेली. रेडिओ रोज हॉस्पिटलसमोर रस्त्यावर उभा राहून तिची खिडकी शोधायला खिडक्या मोजायचा आणि दरवेळी चुकायचा. बायको परत आली तेव्हा तिने सांगितलं ते असं: रोज काम संपल्यावर सिस्टर वर यायची, काचेबाहेर उभी राहायची, जेवलात का असं हातानं विचारायची. ताट रिकामं दाखवल्याशिवाय हलायची नाही. घरी जायला उशीर व्हायचा तिला. एकदाही तिने तो बोलून दाखवला नाही. हे ऐकताना आक्का पदराने डोळे पुसत होती आणि भाजी चिरत असल्याचं सोंग करत होती.

मग एका संध्याकाळी सिस्टर दुकानात आली. काकूंना बघायला आले, म्हणाली. बायकोने तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं.

"केस बघा हिचे," ती नवऱ्याला म्हणाली. "टोपीखाली कोंबून कोंबून पार जट झालीय. करा की जरा."

"अहो नको काकू, मला घरी—"

"बस गं मुकाट्यानं," पडद्यामागून आक्का म्हणाली.

रेडिओने कोमट पाणी घेतलं. काय काय बोलायचं ते त्याने किती दिवस जुळवून ठेवलं होतं. तुमच्यामुळे, तुमच्यासारखी, जन्मभर. तोंड उघडलं, आणि आरशात सिस्टरचे डोळे मिटलेले दिसले. कंगवा दुसऱ्यांदा फिरेपर्यंत तिची मान कलली. तिला झोप लागली होती.

त्याने तोंड मिटलं. डाव्या हाताच्या तळव्यावर तिचं डोकं तोलून धरलं आणि उजव्या हाताने एकेक गुंता सोडवत राहिला. नेहमीची दोन गिऱ्हाइकं गप्पा मारत दारात आली. त्याने कंगवा ओठांवर धरला आणि नजरेनेच त्यांना बाकावर बसवलं. ती दोघं घाबरलीच. रेडिओला असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

गुंता सुटला, केस विंचरून झाले, बाहेर दिवे लागले. तिचं डोकं अजून त्याच्या तळव्यावर होतं. हाताला मुंग्या आल्या, पण त्याने हात काढला नाही. बायकोने त्याला बसायला बाजूला स्टूल आणून ठेवलं, तेही पाय न वाजवता. सिस्टर आपणहून जागी होईपर्यंत त्या दुकानात कुणी एक शब्द बोललं नाही.