त्या बाईचं पुढे काय झालं?

"काच कशाची?" डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं.

"खिडकीची," वडील म्हणाले. "वाऱ्याने तावदान आपटलं आणि ही नेमकी समोर."

डॉक्टरीणबाईंनी तिच्या भुवईपासून गालापर्यंत उतरलेल्या जखमा दिव्याखाली पाहिल्या. शेजारीशेजारी, आखल्यासारख्या. फुटकी काच असं कापत नाही. "मी पेशंटला विचारतेय," त्या म्हणाल्या.

खाटेच्या पायाशी धाकटा भाऊ उभा होता. त्याच्या शर्टावर तिचं रक्त वाळलं होतं. तो फरशीकडे बघत होता.

"हो," ती म्हणाली. "काचच."

ती शहर बसवर ड्रायव्हर होती, डेपोतली पहिली बाई. सुरुवातीला तिला स्टिअरिंगवर बघून लोक म्हणायचे, जाऊ दे, मागची बस घेऊ. पुढे तेच लोक "ड्रायव्हरबाईंची गाडी आहे का?" असं विचारून चढायला लागले. तिचा ब्रेक इतका अलगद लागायचा की उभी माणसं दांडी न धरता गप्पा मारायची. आई गेली तेव्हा भाऊ बोबडं बोलत होता. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून कॉलेजात चिकटवण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. स्वतःच्या लग्नाचा विषय आज काढू, उद्या काढू करता करता राहूनच गेला. भाऊ मात्र कुठेच टिकेना. आज हे दुकान, उद्या ते ऑफिस. शेवटी ड्रोनचं खूळ डोक्यात शिरलं, तेव्हा वडील म्हणाले, "आता पतंग उडवून पोट भरणार का?" तिने मात्र त्याला ड्रोन घेऊन दिला.

त्या रविवारी तिची सुट्टी होती. नदीकाठच्या बागेत तोबा गर्दी होती. भावाला जाहिरातीसाठी गर्दीवरून खाली येणारं दृश्य हवं होतं. परवानगी वगैरे काही काढलेली नव्हती. "एवढ्याशा खेळण्याला कसली परवानगी?" तो म्हणाला होता. यंत्र मधमाशीसारखं गुणगुणत माणसांच्या डोक्यावरून फिरत होतं. वारा सुटला होता. ती बाकावर बसून कणीस सोलत होती.

"ताई, वर बघ! हस ना जरा!"

तिने वर बघितलं. ती हसलीही.

बागेत कोणी नाव-गाव विचारायच्या आत भावाने तिला रिक्षात घालून आणलं होतं. दवाखान्यात पोलीस यायच्या आधी वडिलांनी तिचा हात हातात घेतला. "डोळा तर गेलाच, बाळ. आता पोरगाही घालवायचा का? केस झाली तर त्याला जन्मात कोणी उभं करणार नाही. तू मोठी आहेस."

भाऊ रडत होता. "ताई, जन्मभर विसरणार नाही गं."

पोलिसांना तिने खिडकीचंच सांगितलं. डेपोतही तेच सांगितलं. वैद्यकीय तपासणी झाली. एका डोळ्यावर बस चालवता येत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. साहेबांनी तिला चौकशीच्या खिडकीत बसवलं. "काय योग बघा, बाई," ते म्हणाले. "खिडकीनेच घात केला आणि खिडकीतच बसायची वेळ आली." सगळे हसले. तीही हसली. हसली नसती तर कोणीतरी काही विचारलं असतं.

भावाचं मात्र नशीब फळफळलं. पुराच्या वर्षी होड्या जात नव्हत्या तिथे त्याचा ड्रोन गेला. गिरणीच्या छपरावर एक ओली बाळंतीण तान्ह्याला छातीशी धरून बसली होती. तिला त्यानेच शोधलं, वरून औषधं आणि दोर सोडला, आणि बचाव पथकाला वाट दाखवली. तो टीव्हीवर दिसला तेव्हा चौकशीला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत सुटली, "माझा भाऊ आहे तो." घरी आल्यावर मात्र दार लावून रडली. ते बाळ वाचलं याचा तिला खरोखर आनंद झाला होता. म्हणजे आता त्या यंत्राचा धड रागही करता येणार नव्हता.

पुढे त्याने प्रशिक्षण वर्ग काढला. सरकारी माणसंही शिकायला येऊ लागली. घरात त्या रविवारचा विषय कोणी काढत नसे. भावजय नवी, तिलाही खिडकीचीच गोष्ट माहीत.

एकदा अग्निशमन दलाच्या सभागृहात त्याचं व्याख्यान होतं. विषय होता ड्रोन आणि लोकांची सुरक्षितता. "ताई, तू यायचंच. पहिल्या रांगेत," तो म्हणाला. ती इस्त्रीची साडी नेसून, काळा चष्मा लावून वडिलांशेजारी बसली. पलीकडे भावजय होती.

तो छान बोलला. गर्दीवर कधीही उडवायचं नाही. वारा असेल तर नाही. यंत्र सतत नजरेसमोर हवं. ती मनातल्या मनात मान डोलावत होती.

"एक किस्सा सांगतो," तो म्हणाला. "एका बागेत एका हौशी पोराने असाच गर्दीवर ड्रोन उडवला. एका बाईंचा डोळा गेला. आता थोडी त्यांचीही चूक. ड्रोन खाली येताना माणसाने मान खाली घालायची असते. त्या नेमक्या वर बघत राहिल्या."

सभागृहात कोणीतरी चुकचुकलं. मागून गणवेशातली एक मुलगी हात वर करून उभी राहिली. "सर, त्या बाईंचं पुढे काय झालं?"

"बऱ्या आहेत की. मोठ्या मनाच्या होत्या. तक्रारसुद्धा केली नाही त्यांनी."

ती उभी राहिली. वडिलांनी पदर ओढला. "बस खाली," ते पुटपुटले.

"मला एक विचारायचंय," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण पहिल्या रांगेतून मंचापर्यंत पोचला. "वर बघ, असं त्या बाईंना कोणी सांगितलं होतं?"

त्याच्या हातात माईक होता. तो खाली करायचं भान त्याला राहिलं नाही.

"ताई..." सभागृहातल्या चारही स्पीकरांतून आवाज आला.

गणवेशातली मुलगी अजून उभीच होती. भावजय एकदा नवऱ्याकडे, एकदा नणंदेच्या काळ्या चष्म्याकडे बघत होती. वडिलांनी पदर सोडला होता. ते आपल्या चपलांकडे बघत होते.

ती उत्तरासाठी थांबली नाही. रांगेतून वाट काढत बाहेर आली, पायाने चाचपत पायऱ्या उतरली आणि समोर आलेल्या पहिल्या बसमध्ये चढली. ड्रायव्हर नवा होता, तिला ओळखत नव्हता. त्याच्या पाठीमागची सीट रिकामी होती. ती तिथे बसली.

पुढच्या चौकात सिग्नल लाल झाला. ड्रायव्हरने जरा उशीर केला. तिचा उजवा पाय त्याच्या आधीच दाबला गेला होता, खालच्या पत्र्यावर, घट्ट.