गाड्याबरोबर नळ्याची बदली

दहा वर्षांत एकही सायकल शर्यत न जिंकलेल्या माणसाला एका बड्या टीमने करारावर सही करायला बोलावलं, तेव्हा त्याच्या बायकोने आधी पाकिटावरचं नाव पुन्हा वाचलं. दुसऱ्या कुणाचं पत्र आपल्याकडे आलं असेल, असं तिला वाटलं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, त्यामुळे वाचण्यात तिची चूक होणं कठीण होतं. पत्र नवऱ्याचंच होतं.

नवऱ्याला सगळे उंट म्हणायचे. मान लांब होती म्हणून नव्हे. भर शर्यतीत टीमच्या गाडीकडून पाण्याच्या आठ-आठ बाटल्या शर्टात कोंबून तो पुढच्या रायडरांना नेऊन द्यायचा, म्हणून. हे त्याचं अर्धं काम. उरलेलं अर्धं शेवटच्या किलोमीटरचं. टीमच्या स्टारच्या पुढे राहून सगळा वारा आपल्या अंगावर घ्यायचा, त्याला रेषेच्या दोनशे मीटर अलीकडे आणून सोडायचं आणि बाजूला व्हायचं. हा स्टार म्हणजे बाण. उंटाच्या पाठीमागून तो असा सुटायचा की बाकीचे बघत राहायचे.

दोघे गाद्या बनवणाऱ्या कंपनीच्या टीममध्ये होते. टीम छोटी, बस जुनी, आणि मेकॅनिकच दोन वेळचा स्वयंपाक करायचा. दोन हंगामांत बाणाने एकोणीस शर्यती मारल्या आणि लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीची श्रीमंत टीम त्याच्या दारात येऊन उभी राहिली. तीन वर्षांचा करार. बाणाने एकच अट घातली, उंट बरोबर पाहिजे. बरं, येऊ दे, टीमने म्हटलं, पण एकाच वर्षासाठी.

"गाड्याबरोबर नळ्याची यात्रा," बायको म्हणाली.

उंटाला त्यात लागण्यासारखं काही वाटलं नाही. यात्रा घडतेय ना, मग झालं.

नव्या टीमची तऱ्हाच वेगळी होती. ताटातला भात वजनकाट्यावर मोजून मिळायचा. प्रत्येकाची उशी नाव घालून ट्रकमधून हॉटेलोहॉटेली फिरायची. रात्री झोप किती लागली हे सकाळी रायडरच्या आधी मॅनेजरला कळायचं. बाणाला त्यांनी मोठ्या पंख्यासमोर सायकलवर बसवून तासन्‌तास तपासलं, त्याची सीट अकरा मिलिमीटर वर घेतली आणि हँडल खाली नेलं. पुढे वारा फोडायला चार दणकट गडी दिले. चौघांच्याही पायांत उंटापेक्षा जास्त दम होता. मग उंटाचं करायचं काय? मॅनेजरने त्याला डोंगराच्या शर्यतींच्या गटात टाकलं.

तिथे त्याला शिडी भेटला. उंच, हडकुळा, चोवीस वर्षांचा. चढावर तो वाऱ्यासारखा जायचा, पण सपाट रस्त्यावर दीडशे सायकलींच्या घोळक्यात शिरायचं म्हटलं की तो ब्रेक दाबायचा. दोन वर्षांपूर्वी अशाच घोळक्यात पडून त्याचं गळ्याखालचं हासळीचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून तो शेपटाला राहायचा. डोंगर सुरू व्हायचा तेव्हा पुढचे पार निघून गेलेले असायचे आणि शिडीचा निम्मा जीव त्यांना गाठण्यातच जायचा. आधीच्या दोन टीमनी त्याला नारळ दिला होता. ही तिसरी. इथेही जमलं नाही तर बहिणीच्या रोपवाटिकेत कुंड्या उचलेन, असं तो सगळ्यांना सांगायचा आणि ते चेष्टेत सांगत नव्हता.

उंटाने त्याला उपदेश केला नाही. तो फक्त वाऱ्याच्या बाजूला, शिडीच्या खांद्याला खांदा लावून चालवायचा आणि अखंड बोलायचा. घरातल्या मोरीचा नळ कसा गळतो, प्लंबर तीनदा येऊन कसा गेला, सासऱ्यांनी स्वतः पाना घेतला तेव्हा काय झालं. शिडी ऐकत राहायचा. ऐकता ऐकता दोघे दहा जणांच्या पुढे सरकायचे, मग वीस, मग पन्नास. एकदा नळाची गोष्ट अगदी रंगात आली असताना शिडीने वर पाहिलं, तर समोर फक्त मोटारसायकली होत्या. तो एवढा दचकला की ब्रेकच दाबणार होता. उंट म्हणाला, "आता मागे बघू नकोस. मागे बघण्यासारखं काही नाही."

त्या दिवशी शिडी पाचवा आला. महिनाभराने दुसरा.

इकडे बाणाचं घोडं पेंड खात होतं. चौघे गडी ताकदीचे होते, पण ते कानातल्या रेडिओवर चालायचे. मॅनेजर गाडीतून अंतराचा आकडा सांगायचा आणि गडी त्या आकड्यावर सुटायचे, मग वारा समोरून असो की बाजूने. बाण कधी लवकर उघडा पडायचा, कधी कोंडला जायचा. नव्या सीटने कंबर धरली. सीट खाली घ्या, असं तो दोनदा म्हणाला. आकडे तसं सांगत नाहीत, असं उत्तर दोन्ही वेळा मिळालं. जुलैपर्यंत एक विजय पदरात पडला, तोही पुढचे सहा जण एकमेकांवर आदळले म्हणून. वर्तमानपत्रांनी त्याला बोथट म्हणायला सुरुवात केली. तो जेवायला उशिरा येऊ लागला, सगळे उठल्यावर.

ऑगस्टमध्ये त्याने मॅनेजरकडे उंट मागून घेतला. उंट आला आणि त्याने सगळं पहिल्यासारखं केलं. वळणावर आतून जागा काढली, वारा घेतला, बरोबर दोनशे मीटरवर बाजूला झाला. रस्ता मोकळा होता. बाणाने तरी क्षणभर डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, आणि सहावा आला.

उंटाला कळलं की हे पायांचं दुखणं नाही. वर्षभर दुसऱ्यांनी सांगितलेलं ऐकून बाणाचा स्वतःच्या अंदाजावरचा विश्वास उडाला होता. यावर औषध त्याच्याकडे नव्हतं.

हंगाम संपता संपता मॅनेजरने उंटाला बसमध्ये बोलावलं. उंटाला वाटलं, झालं आपलं. मॅनेजरने त्याच्यासमोर एक आलेख ठेवला. उंट शेजारी नसताना शिडी डोंगराच्या पायथ्याला सरासरी सत्तरावा पोचत होता. उंट असताना बारावा. हे तू कसं करतोस, असं मॅनेजरने विचारलं. उंटाने मोरीच्या नळाचं सांगितलं. मॅनेजरने ते लिहून घेतलं, पण कोणत्या रकान्यात घालावं हे त्याला समजलं नाही. मग त्याने दोन वर्षांचा नवा करार पुढे केला. उंटाने एक दिवसाची मुदत मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हॉटेलमागच्या पार्किंगमध्ये उंट मेकॅनिकबरोबर सायकली धूत होता, तिथे बाण त्याला गाठायला आला. बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा खुलला होता.

"गाद्यावाल्यांशी बोललोय. इथला करार तोडायला हे तयार आहेत. आपण परत चाललोय."

"आपण?"

"तू आणि मी. अजून कोण?"

उंट हात पुसत राहिला. हात केव्हाच कोरडे झाले होते. "मी नाही येत रे."

बाण हसला, मग हसायचा थांबला. "इथे तुला कोण विचारतंय? वर्ष संपलं तुझं."

"काल विचारलं त्यांनी. दोन वर्षांसाठी."

"तुला माझ्यासाठी घेतलं होतं."

"हो. आता माझ्यासाठी घेतायत."

बाण निघून गेला. उंटाला दिवसभर अन्न गोड लागलं नाही. ज्याच्यामुळे आपण इथवर आलो त्यालाच पाठ दाखवली, हे त्याच्या मनातून जाईना. संध्याकाळी त्याने बायकोला फोन केला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"इतकी वर्षं त्याला रेषेजवळ सोडून बाजूला होतोयस ना?" ती म्हणाली. "तसंच आत्ताही हो. जिंकायचं काम त्याचं."

उंटाने सही केली.

महिनाभर बाणाचा फोन आला नाही. मग एका दुपारी आला. राम राम नाही, कसा आहेस नाही. पुढे वारा घ्यायला माणूस हवाय, कुणाला घेऊ, एवढंच त्याने विचारलं. चौघांतला वयाने सर्वांत मोठा घे, उंटाने सांगितलं.

"त्याचा रेडिओ सारखा बिघडतो," बाण म्हणाला.

"बिघडत नाही. तो बंद करतो."

बाणाने त्याला घेतलं, सीट खाली आणली आणि मार्चमध्ये पहिली शर्यत जिंकली. उंटाने ती बसमधल्या टीव्हीवर पाहिली. आनंद झालाच. पण बाणापुढची ती पाठ दुसऱ्याची होती, हे जरा टोचलंही. त्याने ते कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

जूनमध्ये मोठ्या डोंगराची शर्यत आली. उंटाने शिडीला पायथ्यापर्यंत पहिल्या दहात आणून सोडलं आणि त्याच्या स्वतःच्या पायांतला दम संपला. एकेक जण त्याला मागे टाकत गेला. शेवटी तो शेपटाच्या टोळीत येऊन पडला, जिथे स्प्रिंटवाले जडशीळ गडी वेळेच्या मर्यादेत वर पोचण्यापुरते पाय मारत असतात. गाद्यावाल्यांच्या निळ्या शर्टात, घामाने निथळत, तिथे बाण होता. त्याने थोडं सरकून उंटाला शेजारी जागा दिली.

दोघे धापा टाकत चढत राहिले. मग बाणाने नव्या गड्याबद्दल तक्रार सुरू केली. तो वळणावर फार उशिरा आत शिरतो, काळजाचा ठोका चुकतो. पण जिंकतोस ना, उंटाने विचारलं. जिंकतो, बाण म्हणाला, ती वेगळी गोष्ट.

वर पोचायला सहा किलोमीटर होते तेव्हा उंटाच्या कानात मॅनेजरचा आवाज फुटला. एवढा मोजूनमापून बोलणारा माणूस, पण त्याला वाक्य पुरं करता येईना.

"काय झालं?" बाणाने विचारलं.

"शिडी जिंकला. एकटा, चाळीस सेकंदांनी पुढे."

बाणाने हात लांब करून त्याच्या पाठीवर एक थाप मारली, आणि त्या धक्क्याने दोघेही पडता पडता वाचले.

"तुझ्या घड्याळात बघ, वेळ किती उरलाय," तो म्हणाला. "आपल्याला घरी पाठवतील."

उंटाने पाहिलं. वेळ होता, पण गप्पा मारण्याएवढा नव्हता. त्यांनी तरी मारल्या. वर पोचले तेव्हा मर्यादा संपायला नव्वद सेकंद उरले होते आणि शिडी बक्षिसाच्या मंचाकडे जायचं सोडून, कोरडं जॅकेट हातात धरून, रेषेवर उभा होता.