मागची पायदाने

रघोजीने पान्यावर सगळा भार टाकला. गंजलेला नट हलला नाही. पाना निसटला आणि बोटांची सालटी निघाली. रक्त धोतराला पुसून त्याने नटावर पुन्हा रॉकेल ओतले. फटफटीचे मागचे डावे पायदान निघून अंगणात पडले होते. उजवे राहिले होते.

"आता काढून काय उपयोग?" त्याची थोरली बहीण अंबुजा दारातून म्हणाली. "माझा प्रताप तुरुंगात गेला. आता तुझ्या मागं कुणी बसलं काय, न बसलं काय."

"अक्का, मी सांगितलं नाही."

"मग कुणी सांगितलं? पापनाशमला तो वेंकूबाईच्या घरी लपलाय, हे तुला ठाऊक आणि मला ठाऊक. तो पोलीस इन्स्पेक्टर कुंभकोणपर्यंत तुझ्या पाठीला चिकटून बसला होता. जावयाला मिरवावं तसा नेलास."

"नाही म्हणता आलं असतं का? आमच्या कालवा-खात्याचं पेट्रोल म्हणजे सरकारचं पेट्रोल, असं तोंडावर म्हणाला. माझी नोकरी..."

"सांभाळ हो नोकरी. भाचा काय, आज आहे, उद्या नाही."

रघोजीने दगड उचलून पान्याच्या दांड्यावर हाणला. पंधरा दिवस हेच चालले होते. ती त्याच्यापुढे ताट आदळायची आणि तोंड फिरवून बसायची. त्याने आणखी दोनदा हाणले. नट सुटला.

"झाली एकट्यापुरती गाडी," तो म्हणाला. "आता बसू दे त्याला, हवेत पाय लोंबकळत."

गल्लीच्या तोंडाशी बूट वाजले. इन्स्पेक्टर सूर्यनारायण काखेत छडी धरून आला आणि तमिळमध्ये म्हणाला, "तिरुवैयारूला जायचंय. चला."

रघोजी उठला नाही. अंबुजा मात्र दोन पावले पुढे आली. परक्या माणसासमोर घरातले बोलायचे तर मराठीत बोलायचे, ही राजवाड्याभोवतालच्या गल्ल्यांची जुनी सवय. त्याच सवयीने, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, ती भावाला म्हणाली,

"गाडी मोडलीय म्हणून सांग. जाऊ दे मेल्याला चालत. टाचा भाजू देत."

रघोजीने तमिळमध्ये सांगितले, "सार, गाडी मोडलीय."

सूर्यनारायण वाकला. छडीच्या टोकाने त्याने जमिनीवरचे पायदान उलटे केले.

"मोडली नाही, अक्का," तो म्हणाला. "आत्ताच काढलंय हे. रॉकेल अजून ओलं आहे."

मराठी स्वच्छ होती. गल्लीतल्या म्हाताऱ्यांसारखाच हेल होता.



"माझी आई या गल्लीत तीस वर्षं स्वयंपाकाला होती. तुमच्याच ओट्यांवर मी वाढलो. कुणी कधी विचारलं नाही, मीही कधी सांगितलं नाही." त्याने छडी पुन्हा काखेत घेतली. "आज घोड्याच्या जटक्यानं जातो. सोमवारी येईन. तोवर दोन्ही बसवून ठेवा."

बुटांचा आवाज लांब गेला.

अंबुजाने दाराची चौकट धरली. कुंभकोणला निघायच्या त्या सकाळीही ती इथेच उभी होती. इन्स्पेक्टर फटफटीवर मागे बसून विडी ओढत होता. रघोजीच्या हातात प्रतापसाठी भाताचा डबा देताना तिने मराठीत खूण नीट समजावून सांगितली होती: रेल्वेफाटकाच्या पलीकडे, तिसरे दार, वेंकूबाई म्हणून विचार, प्रताप माडीवर आहे. रघोजीच्या ध्यानात राहावे म्हणून दोनदा सांगितली होती.

रघोजीलाही ते आठवले. पंधरा दिवसांचे टोमणेही आठवले. त्याने हातातला पाना घट्ट आवळला, तोंड उघडले आणि बहिणीकडे पाहिले. तिचे ओठ पांढरे पडले होते.

त्याने पाना खाली ठेवला.

"फटफटीच्या आवाजात त्याला काही ऐकू गेलं नसेल, अक्का."



"माझं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून," ती म्हणाली, "तू इंजिन बंद केलं होतंस."