तिला गरज असेल तोवर

व्हिसा कचेरीतल्या पाटीवर दोन आकडे एकदमच उमटले, एक मिस्त्रींचा आणि एक मावशींचा, आणि दोघांच्या वाट्याला दोन टोकांच्या खिडक्या आल्या. घरून निघताना, बसमध्ये आणि बाहेरच्या रांगेतही मिस्त्रींनी बायकोला बजावलं होतं की तू गप्प राहायचं, काय बोलायचं ते मी बोलेन. आता ते फाईल छातीशी धरून पहारेकऱ्याकडे गेले आणि आम्ही नवरा-बायको आहोत, एकत्रच आलोय, असं समजावू लागले. पहारेकऱ्याने नुसतं पाटीकडे बोट केलं. मिस्त्री परत आले. फाईलमधून बायकोचे कागद काढून त्यांनी तिच्या हातात दिले.

"धबधबा, राजवाडा, फुलांची बाग," ते हळूच म्हणाले. "एवढंच. बाकी काही काढू नको."

मावशींनी मान हलवली आणि त्या आपल्या खिडकीकडे चालू लागल्या.

मावशी म्हणजे नात्याने कुणाची मावशी नव्हे. प्रसूतिगृहात आयाला मावशी म्हणतात, आणि त्यांनी उभा जन्म त्या एका हाकेला ओ दिली होती. वयाने मोठ्या नर्सबाई त्यांना मावशी म्हणत, डॉक्टरीणबाई मावशी म्हणत, कळा सोसणाऱ्या बायका तर हात घट्ट धरून दुसरं काही म्हणतच नसत. पुढे ते नाव त्यांच्या मागोमाग घरी आलं आणि गल्लीलाही चिकटलं. मिस्त्री चारचौघांत 'आमच्या मावशी' म्हणत आणि कुणी हसलं की खूश होत. ते स्वतः लिफ्ट दुरुस्त करायचे. अजूनही बऱ्याच इमारतींचं काम त्यांच्याकडे होतं. मावशी मात्र आदल्या वर्षी निवृत्त झाल्या होत्या.

त्यांची एकुलती एक मुलगी परदेशात कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. जावई मालवाहू जहाजावर. मुलीचे दिवस भरत येणार तेव्हा त्याचं जहाज भर समुद्रात असणार होतं, आणि त्या शहरात तिचं म्हणावं असं कुणीच नव्हतं. लहानपणापासून ती काही मागणारी पोरच नव्हती. खोकला झाला तरी बरा झाल्यावर सांगायची. त्या दिवशी फोनवर इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि ठेवता ठेवता ती म्हणाली, "आई, तू येशील का गं?" मावशींना तेवढं पुरलं.

व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या एजंटाने दोघांना समोर बसवून शिकवलं होतं. हा फिरायला जाणाऱ्यांचा व्हिसा, तेव्हा फिरण्याचंच बोला. लेकीला भेटणार म्हणा, हरकत नाही, पण बाळंतपण, आजारपण असला विषय काढू नका. त्यांना वाटतं ही म्हातारी माणसं एकदा आली की मुक्कामच ठोकतील. मग त्याने त्या देशातल्या बघण्यासारख्या जागा पाठ करायला लावल्या. मावशी भांडी घासताना त्या घोकत बसायच्या.

खिडकीमागे सर्दीने बेजार झालेला एक तरुण अधिकारी होता आणि त्याच्या शेजारी दुभाषी मुलगी. तो विचारायचा, ती मराठीत सांगायची, मावशी उत्तर द्यायच्या, ती ते त्याच्या भाषेत करायची. काय काम करता? आता नाही करत, निवृत्त झाले. घर स्वतःचं? भाड्याचं, आणि तेही आमच्या यांच्या नावावर. इथे मागे कोण राहणार? मावशींनी विचार केला आणि खरं तेच सांगितलं, की आम्ही दोघंच, दोघंही जाणार, मागे कुणी नाही. कुठं कुठं फिरणार? धबधबा, राजवाडा, फुलांची बाग. आधी काय बघणार? यावर एजंटाने काही शिकवलं नव्हतं. मुलीच्या घराजवळ जे असेल ते, असं त्या म्हणाल्या. अधिकारी नाक पुसता पुसता किंचित हसला. मावशींना धीर आला.

मग त्याने काहीतरी लहानसं विचारलं. दुभाषी मुलगी काचेकडे वाकली.

"मुलीकडे किती दिवस राहणार, मावशी?"

ती सवयीने म्हणाली असेल. तिच्या वयाची मुलगी मावशींच्या वयाच्या बाईला आणखी काय म्हणणार? पण सकाळपासून या इमारतीत मावशी नुसत्या आकडा होत्या. ती हाक कानावर आली आणि त्यांना वाटलं, आपल्यातलंच कुणीतरी विचारतंय. अर्जात लिहिलेले दिवस त्यांच्या अगदी ओठांवर होते.

"तिला गरज असेल तोवर," त्या म्हणाल्या.

मुलीने लगेच भाषांतर केलं नाही. तिने मावशींकडे नीट पाहिलं.

"म्हणजे कागदावर लिहिलेत तेवढेच दिवस ना?"

ती आपल्याला वाट करून देते आहे हे मावशींना कळलं. हो, हो, तेवढेच, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलंही. पण अधिकाऱ्याने हाताने मुलीला थांबवलं आणि तिला काहीतरी म्हणाला. बाई आधी काय बोलल्या ते सांग, असंच म्हणाला असणार. मुलगी पुढ्यातल्या कागदाकडे बघत चार शब्द बोलली. मावशींच्या आयुष्यातलं सगळ्यात खरं वाक्य त्यांना न कळणाऱ्या भाषेत काचेपलीकडे गेलं, आणि ते परत कसं घ्यायचं हे त्यांना माहीत नव्हतं. अधिकाऱ्याने टंकलं, नाक पुसलं, धन्यवाद म्हणाला.

बाहेर मिस्त्री खुशीत होते. त्यांना विचारलं काय, तर लिफ्टचं काम किती वर्षं करता आणि रजेवर गेलात तर इमारतींचं काय होणार. त्यांनी सांगितलं, लोक जिने चढतील आणि माझ्या नावाने खडे फोडतील, म्हणून तर मला लवकर परत यावं लागेल. त्यांच्या खिडकीतले सगळे हसले होते. तुला काय विचारलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मावशी म्हणाल्या, तेच सगळं.

पासपोर्ट आले तेव्हा मिस्त्रींच्या पासपोर्टात व्हिसा चिकटवलेला होता. मावशींच्या पासपोर्टात नव्हता. मिस्त्रींनी त्याचं पान न पान उलटलं, मग तो उलटा धरून झटकला. सोबत एक छापील चिठ्ठी होती. मुदत संपल्यावर आपण परत जाल अशी आमची खात्री पटली नाही, असं तीत म्हटलं होतं, आणि या निर्णयाबद्दल चौकशी केल्यास उत्तर दिलं जाणार नाही, असंही.

"काय बोललीस तू तिथे?"

मावशींनी सांगितलं. मिस्त्री हत्यारांची पिशवी उचलून कामावर निघून गेले आणि संध्याकाळी आल्यावर बायकोच्या शेजारी बराच वेळ नुसते बसून राहिले.

मग त्यांनी आपल्या परीने सगळं करून पाहिलं. एजंट म्हणाला पुन्हा अर्ज करता येईल, पण पुढची तारीख मिळते ती बाळंतपणानंतरची, आणि कागद तेच असतील तर उत्तरही तेच येणार. मिस्त्री कचेरीच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. पहारेकऱ्याने फोन नंबरचा कागद दिला. त्या नंबरावर एक बाई अतिशय गोड आवाजात तीच ती वाक्यं बोलायची आणि मिस्त्री मध्येच काही बोलले तरी तिला ऐकू जायचं नाही, कारण ती बाई नव्हतीच. हे मिस्त्रींना फार लागलं. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना त्यांनी आजवर बाहेरून ओरडून सांगितलं होतं, घाबरू नका, मी आहे इथे. कितीही वेळ लागला तरी ते बोलत राहायचे. इथे पलीकडून बोलणारं कुणीच नव्हतं.

"मीही जात नाही," एक दिवस ते म्हणाले. "मी जाऊन करू काय? तिच्या इमारतीची लिफ्ट बघू?"

"कुणीतरी जायला हवं," मावशी म्हणाल्या. "ती दवाखान्यातून बाळ घेऊन येईल तेव्हा आतून दार उघडायला तरी."

मुलीला कळवलं तेव्हा ती म्हणाली की बाबा येताहेत तर खूपच झालं, त्यांच्या कवळीचं मापही घेऊन टाकू. तिने आईला एका शब्दाने विचारलं नाही की असं का झालं. मावशींना वाटलं, विचारलं असतं तर बरं झालं असतं.

राहिलेल्या दिवसांत मावशींनी नवऱ्याला तयार करायला घेतलं. शेकायची रबरी पिशवी पाण्याने अर्धी भरून चादरीत गुंडाळली आणि त्यांच्या हातात दिली. तान्हं मूल असंच असतं, इकडून धरावं तर तिकडून घरंगळतं. मिस्त्रींनी ती लिफ्टची मोटार उचलावी तशी उचलली. मान, मान, मावशी ओरडल्या. दोनदा पिशवी खाली पडली तेव्हा मिस्त्री रुसून बसले, आणि नंतर बायको बाहेर गेल्यावर एकटेच तिला घेऊन खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. शेजारीण खिडकीतून बघून हसली तरी त्यांनी पिशवी ठेवली नाही.

बाळाचं एक वेळ सोपं होतं. मुलीचं सांगायचं तेव्हा दोघांचीही पंचाईत झाली. ताप आला तर काय, रक्त किती जाणं ठीक आणि किती नाही, रडू लागली तर कधी रडू द्यायचं. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून ऐकायचे.

"हे मी तिला कसं विचारू गं?" ते भिंतीलाच म्हणाले.

"बाप म्हणून विचारू नका. मावशी म्हणून विचारा."

मिस्त्री वळले. बायको थट्टा करत नव्हती.

विमानतळावर तिकीट नसलेल्यांना आत सोडत नव्हते. मावशींनी नवऱ्याच्या कॉलरचं टोक सरळ केलं आणि म्हणाल्या, पोचल्यावर आधी तिचे पाय बघा, सुजलेत का. मिस्त्री आत गेले, सामानाच्या रांगेत लागले आणि मागे वळून भलत्याच दाराकडे हात हलवत राहिले.

मुलीच्या कळा अपेक्षेआधीच सुरू झाल्या. मावशींच्या इथे दुपार होती. फोन वाजला आणि मिस्त्रींचा आवाज आला, पण तो त्यांचा वाटत नव्हता. दवाखान्यात आहोत, मला बाहेर बसा म्हणताहेत, फोन तिच्याकडे देतो, असं ते घाईघाईने म्हणाले. मग मुलीचा श्वास ऐकू आला.

"आई, तू बोलत राहा."

मावशी उभ्या राहिल्या. बसून हे काम त्यांनी कधी केलंच नव्हतं. त्या बोलत राहिल्या. श्वास नाकाने घे, तोंडाने सोड. जबडा आवळू नको, खालचं अंग आवळतं. कळ येऊन जाते, बघ, आता उतरेल. मुलगी हुंकार द्यायची, कधी ओरडायची, आणि मावशी त्या ओरडण्याच्या जातीवरून ओळखायच्या की अजून वेळ आहे. मग त्या ओरडण्याचा पोत बदलला. तिथली नर्स काहीतरी ठामपणे बोलली, फोन कशावर तरी आपटल्यासारखा ठेवला गेला, आणि मुलीचा आवाज लांब गेला.

फोन चालूच राहिला. कुणाच्या लक्षात आलं नसावं.

मावशींना त्या भाषेतला एक शब्द कळत नव्हता, तरी सगळं कळत होतं. हे ट्रेचं वाजणं. हे खाटेचं पायथ्याकडून खाली करणं. पावलं वाढली. एक बाई लयीत काहीतरी म्हणते आहे, म्हणजे आता जोर लाव म्हणते आहे, आणि आता थांब म्हणते आहे. मुलीने एकदा आई म्हणून हाक मारली. मावशी ओ म्हणाल्या. मोठ्याने म्हणाल्या, पुन्हा म्हणाल्या. तिकडे त्यांचा आवाज पोचला की नाही, कळायला मार्ग नव्हता.

मग सगळं थांबलं. ही शांतता मावशींना चांगली ठाऊक होती. मूल बाहेर आलेलं असतं आणि रडलेलं नसतं. अशा वेळी त्या नेमकं काय करायच्या, कुठे बोट फिरवायच्या, पाठ कशी चोळायच्या ते हातांना माहीत होतं, पण ते हात इथे भिंत आणि फोन धरून उभे होते. त्यांनी डोळे मिटले नाहीत. भिंतीवर रंगाचा एक पोपडा सुटला होता, त्याच्याकडे त्या बघत राहिल्या.

बाळ रडलं. आधी दमलेलं, मग रागावलेलं.

तिकडे लोक बोलू लागले, हसू लागले. आजवर प्रत्येक बाईच्या कपाळावरचे केस मागे सारून मावशी एक वाक्य म्हणत आल्या होत्या. ते त्यांनी फोनमध्ये म्हटलं.

"झालं गं बाई. सुटलीस."

थोड्या वेळाने कुणीतरी फोन उचलला. एक अनोळखी बाई पलीकडून काही विचारत होती, अदबीने. मावशींनी सांगितलं, मी तिची आई. बाईने ते ऐकून घेतलं, काहीतरी छोटंसं म्हटलं आणि फोन बंद केला.

मुलगा की मुलगी, हे मावशींना अजून माहीत नव्हतं. मिस्त्री करतील फोन, रडून झालं की करतील. त्यांनी फोन ओट्यावर ठेवला आणि त्या नळाशी गेल्या. कोपरापर्यंत साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून, सावकाश हात धुतले, आणि ते वाळेपर्यंत तसेच समोर धरून उभ्या राहिल्या.