तोरणाखालचा क्रम

शिंगाच्या टोकाला बेगड चिकटत नव्हती. सूड ही माणसाच्या हातून घडणारी फार मोठी गोष्ट. तिच्यापायी राज्यं बुडतात, कुळं खपतात... पण खळ पातळ झाली तर तिचंही अडतं, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. सूर्यभानने बोट जिभेला लावलं, बेगडीचा तुकडा पुन्हा दाबला आणि मुठीएवढा लाकडी बैल उजेडाला धरला — डावं शिंग चकचकीत, उजवं अर्धंच. मोडकं. मुद्दाम मोडकं.

बाप जानराव अकोटाकडे वांगी-मेथी पिकवायचा. त्याच्या ढवळ्याचं शिंग असंच होतं, आणि पोळ्याला ती जोडी तोरणाखालून सगळ्यांच्या शेवटी जायची. पहिली पाटलांची. लाल झूल, पितळी घुंगरं. त्याच पाटलांपैकी खुशालराव, शेती भावावर टाकून अमरावतीत अंबादरवाज्याजवळ खेळणी विकायला बसलेले.

उद्या पोळा, परवा तान्हा पोळा. पोरं चाकांचे लाकडी बैल ओढत घरोघर जाणार, आणि ते बैल आज खपावेत म्हणून दुकानाच्या दर्शनी भागात सूर्यभानचा देखावा — रहाटाच्या माळेसारखा अखंड दोर रस्त्यावर लोंबणारा. कोणीही यावं, ओढावा, की चाक फिरून पाच जोड्या रंगवलेल्या डोंगरामागून निघतात, तोरणाखालून जातात, पुन्हा डोंगरामागे. मग पोरगं बैलासाठी तिथेच लोळण घेतं.

मागच्या वर्षीही असंच चाक होतं, त्यावर सर्कस होती. लोकांनी विचारलं, हे केलं कोणी? सूर्यभान तिथेच, आसाला तेल देत वाकलेला... आणि खुशालराव गादीवरून म्हणाले, "हे? मुंबईवून आनलं. इथं कोनाले जमते?"

तेलाची बुधली सूर्यभानच्या हातात होती. ती त्याने खालीसुद्धा ठेवली नाही. तेल देतच राहिला.

वर्षभर अकोल्याच्या जुन्या शहरातल्या खोलीत रंधा मारता मारता त्याने ते वाक्य चघळलं. यंदा पाटलांची जोडी शेवटी. पुढे जानराव माळ्याचा शिंगमोड्या. पोळ्यातला क्रम चुकला की सख्ख्या भावांत लाठ्या निघतात. इथे तर तो भर बाजारात चुकणार, दिवसभर, आणि ज्याच्या-त्याच्या पोरांच्या हातांनी. सणाच्या खरेदीला गावची माणसं येणारच. ती पाहतील, परत जाऊन पारावर सांगतील. घरी त्याने चाक एकच फेरा फिरवून पाहिलं होतं. बाप पुढे, पाटील मागे. तेवढ्यानेच त्याला असं निवलं, की जेवताना त्याने दोनदा पिठलं मागून घेतलं.

अकराच्या सुमारास हिरव्या परकरातल्या एका पोरीने दोर धरला. डोंगरामागून शिंगमोड्या निघाला — चल बा, चल, मान वर कर... तोरण ओलांडलं. मागून दुसरी, तिसरी, चौथी. आणि सगळ्यांच्या मागे, लाजल्यासारखी, लाल झूल. सूर्यभानच्या छातीत काहीतरी गरम गरम उतरलं. त्याने गादीकडे पाहिलं. गादी रिकामी होती. खुशालराव गावच्या नत्थुजींना पानतंबाखू देत आत बसले होते.

ते दोघे बाहेर आले तोवर पोरीने दोर सोडला नव्हता. डोंगरामागून लाल झूल निघाली.

"पाय नत्थू! आपली जोडी." खुशालरावांनी बोट दाखवलं.

"पयली! अन् मांगं कोन? हा तं जानराव माळ्याचा शिंगमोड्या!" नत्थुजी पोट धरून हसले, मग डोळे पुसत म्हणाले, "शेवटचा मानूस, त्याले दुसऱ्या नंबरावर आनलं. मोठं मन हाय पाटील तुमचं."

"आता बुढा गेला बिचारा," खुशालराव म्हणाले. "म्या सांगतलं तसं बसवते हा." आणि सूर्यभानच्या खांद्यावर थाप.

शेवटची आहे ती, पाटील, शेवटची — जिभेवर वर्षभर घोटलेलं वाक्य... बोट कुठे ठेवून म्हणायचं? लाल झुलीमागे शिंगमोड्या, त्यामागे दुसरी, तिसरी, चौथी, आणि पुन्हा लाल झूल. तो शेवट शोधत राहिला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. राग अजून होता, पण आता तो कोणावर हेच सापडेना, खुशालरावांवर, नत्थुजींवर, की घरी एका फेऱ्यात निवणाऱ्या त्या माणसावर. पोरगी ओढतच होती.

चाक गोल होतं.